मिशन रेबीज, ब्लँटायर (मलावी): स्वयंसेवक म्हणून जायचं का?

मलावी देशातल्या ब्लँटायर शहरात २०१५ पासून कुत्र्यांना रेबीजची लस देण्याची मोठी मोहीम होते. मिशन रेबीज ही संस्था स्थानिक लोक आणि सरकारी पशुवैद्यक यांना सोबत घेऊन ती चालवते. मोहिमेच्या दिवसांत बाहेरच्या देशांतून स्वयंसेवक पदरमोड करून मदतीला जातात. निवृत्त झाल्यावर मीही गेले.

मी मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि सातारा जिल्ह्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून नोकरी केली. लाळ्या-खुरकुताच्या लशीच्या फेऱ्या, २०२२ च्या लम्पीच्या साथीतली धावपळ, जनावरांच्या कानांत बारा आकड्यांचे बिल्ले मारणं, शीतपेटी खांद्याला लावून वाड्यावस्त्या पालथ्या घालणं, हे सगळं हातून झालेलं आहे. त्यामुळे लसीकरणाच्या मोहिमेत नेमकं काय बघायचं, हे मला कळतं. या मोहिमेला मी पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा का कापला तेही सांगेन, पण साडेचार का दिले ते आधी सांगणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

मुळात परदेशात जाऊन प्राण्यांची सेवा करण्याचा आता एक बाजार झालेला आहे, आणि त्याबद्दल माझं मत कडक आहे. माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना अशाच एका कंपनीमार्फत परदेशात गेली होती. पैसे भरपूर भरले होते. पोहोचल्यावर लगेचच तिच्या हाती चाकू दिला आणि कुत्रीचं गर्भाशय काढायला सांगितलं. आपल्याकडे त्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अशा शस्त्रक्रियेत फार तर शेजारी उभं करतात. ती कुत्री संध्याकाळी परत गल्लीत सोडली. टाके कसे आहेत, पू झाला का, कुत्री जगली का, हे बघायला पुढच्या आठवड्यात कुणीही गेलं नाही, कारण तोवर नवीन विद्यार्थ्यांची तुकडी आली होती आणि त्यांच्यासाठी नवीन कुत्री लागत होती. मुलगी घरी आली ती रडवेली होऊन. तेव्हापासून असल्या कुठल्याही सेवेबद्दल कुणी विचारलं की मी एवढंच विचारते: पाहुणे विमानात बसून गेल्यावर तिथे काम कोण करतं, काम झालं की नाही हे मोजतं कोण, आणि पाहुण्यांना स्वतःच्या देशात जे करायची परवानगी नाही ते तिथे करू देतात का? ब्लँटायरमध्ये या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला समाधानकारक मिळाली.

संस्थेबद्दल थोडक्यात. ल्यूक गॅम्बल या ब्रिटिश पशुवैद्यकानं वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिस ही संस्था सुरू केली आणि तिच्यातूनच २०१३ मध्ये मिशन रेबीज उभं राहिलं. त्याची सुरुवात झाली ती भारतातच. मलावीकडे ते वळले त्यामागे एक वेदनादायक कारण होतं. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये शोधनिबंध लिहून सांगितलं होतं की रेबीज वाढतो आहे. त्यांच्या वॉर्डात येत होती ती लहान मुलं. जगात वर्षाला सुमारे ५९,००० माणसं रेबीजनं मरतात असा अंदाज आहे, त्यातली साधारण ४० टक्के पंधरा वर्षांखालची असतात, आणि ९९ टक्के वेळा रोग येतो तो कुत्र्याकडून. लक्षणं सुरू झाल्यावर डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. म्हणजे मुलाला वाचवायचं तर आधी कुत्र्यापर्यंत पोहोचावं लागतं. २०१५ च्या पहिल्याच मोहिमेत वीस दिवसांत ३५,००० हून जास्त कुत्र्यांना लस टोचली गेली. मी जन्मभर जनावरांना लसी टोचल्या आहेत. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो दोनदा वाचला.

लस एमएसडी अ‍ॅनिमल हेल्थ ही कंपनी देणगी म्हणून देते. एक मिलीलिटरचा डोस, कातडीखाली. टोचणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते पुरेशा कुत्र्यांपर्यंत पोहोचणं. एक पिसाळलेला कुत्रा सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच रोग देतो, गोवराच्या मानानं हे काहीच नाही. त्यामुळे निम्म्याहून कमी कुत्री सुरक्षित असली तरी साखळी तुटायला लागते. मग ७० टक्के कुत्र्यांना लस द्यायचीच, हा आग्रह कशासाठी? कारण अशा वस्त्यांमध्ये कुत्र्यांचं आयुष्य छोटं असतं. लस घेतलेली मरतात, बिनलशीची पिल्लं जन्माला येतात, आणि वर्ष संपेपर्यंत ७० टक्क्यांचं प्रमाण घसरत खाली येतं. ते धोक्याच्या रेषेखाली जायच्या आत पुढची मोहीम यावी लागते. म्हणून ही मोहीम दरवर्षी होते, आणि म्हणूनच एकदाच येऊन धूमधडाक्यात लसीकरण करून जाणाऱ्यांबद्दल मला आदर वाटत नाही.

सकाळी तळावर सगळे गट जमतात. शीतपेट्यांत बर्फाच्या पिशव्या, त्यात लशीच्या बाटल्या, सिरिंज, वापरलेल्या सुयांचा डबा, लसीकरणाची कार्डं, कुत्र्याच्या डोक्यावर खूण करायचा रंग. प्रत्येक गटप्रमुखाच्या फोनवर त्या दिवसाचा नकाशा येतो आणि त्यावर हद्द आखलेली असते: या रस्त्यापासून त्या ओढ्यापर्यंतचा भाग तुमचा. मला हे फार आवडलं. आमच्या नोकरीत गावाची यादी हातात असायची, पण गावाच्या कडेची धनगरांची पालं किंवा ऊसतोड कामगारांच्या कोप्या कुणाच्या यादीत येतात, यावर दरवेळी घोळ व्हायचा. नकाशावर आखलेल्या हद्दीत तसा घोळ राहत नाही. हद्दीतलं प्रत्येक अंगण तुमचं असतं.

शनिवार-रविवारी शाळेच्या पटांगणात किंवा बाजाराजवळ केंद्र लावतात आणि लोक कुत्री घेऊन येतात. इतर दिवशी गट घरोघर फिरतात. प्रत्येक कुत्र्याची नोंद अ‍ॅपमध्ये जागेवरच होते: नर की मादी, पिल्लू की मोठं, मालकाचं की मोकाट, आणि ती जागा उपग्रहावरून आपोआप टिपली जाते. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते आणि नंतर वर जाते. ज्यांना पशुवैद्यकीचं शिक्षण नाही अशा स्वयंसेवकांकडे मुख्यतः हे नोंदीचं, कार्ड लिहिण्याचं आणि खूण करण्याचं काम असतं. पशुवैद्यक टोचतात. कुणाच्याही हाती कुणी नको ते देत नाही.

न्दिरांदे ही ब्लँटायरमधली फार दाट वस्ती. त्याच नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी घरं अशी खेटून आहेत की दोन भिंतींमधून आडवं होऊन जावं लागतं. मे महिन्यात तिथे गारवा असतो, पाऊस संपलेला असतो आणि अंगणाअंगणात मक्याची कणसं वाळत असतात. आपल्याकडे गल्लीतली कुत्री बहुतेक कुणाचीच नसतात. तिथली जवळजवळ सगळी कुत्री कुणाची तरी असतात, राखणीसाठी पाळलेली, फक्त बांधलेली नसतात. हा फरक पशुवैद्यकाच्या दृष्टीनं मोठा आहे, कारण मालक असला की कुत्रा धरायला हात मिळतो. आणि तो हात बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांच्या मुलाचा असतो. केंद्रावर सकाळपासून मुलांची रांग लागायची. कुणी सुतळीनं कुत्रा बांधून आणलेला, कुणी वायरीनं, कुणी आईच्या चितेंजेची, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या रंगीत कापडाची, चिंधी फाडून. पिल्लं छातीशी धरून आणायची. अगदी लहान पिल्लांनाही इथे लस देतात. ‘तीन महिन्यांच्या आत नको’ हा आपल्याकडे दवाखान्यात पाळला जाणारा नियम अशा सामूहिक मोहिमेत बाजूला ठेवावा, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मांडीवर तीच पिल्लं खेळत असतात, त्यामुळे मला ते पूर्णपणे पटतं.

एका घरी म्हाताऱ्या बाईंनी नकार दिला. लस दिली की कुत्रा सुस्त होतो, मग राखण कोण करणार, असं त्यांचं म्हणणं. मला हसू आलं नाही, कारण ‘लस दिली की म्हैस आटते’ हे वाक्य मी कोरेगाव तालुक्यात किती गोठ्यांत ऐकलं आहे! त्या बोलण्यात थोडं तथ्यही असतं: लाळ्या-खुरकुताच्या लशीनंतर दूध एक-दोन दिवस थोडं कमी होऊ शकतं. ज्याच्या घरचा खर्च त्या दुधावर चालतो त्याला ते कमी दिसतंच. आमचा गटप्रमुख ब्लँटायरचाच तरुण. तो त्या बाईंसमोर उकिडवा बसला आणि चिचेवा भाषेत बोलत राहिला. शेजारच्या वस्तीत गेल्या वर्षी काय घडलं, कुणाच्या नातवाला कुत्रा चावला, ते सगळं त्याला माहीत होतं. मी त्याच्या जागी असते तर माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाचा त्या अंगणात काडीचा उपयोग झाला नसता. शेवटी बाईंनीच कुत्र्याचं मानगूट धरलं, मी टोचलं, आणि कार्ड त्यांनी घरात नेऊन नीट ठेवलं. जी कुत्री मालकालाही धरू देत नाहीत त्यांच्यासाठी जाळी असते. जाळी टाकणारी मुलं कुत्र्याला झटक्यात अडकवतात, दोरा आवळतात, टोचून होताच सोडतात. कुत्र्याला ओरडायलाही फारसा वेळ मिळत नाही. हे कसब बघण्यासारखं आहे.

आता मोहिमेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग. एखाद्या भागात टोचून झालं की तिथे दुसरी माणसं फिरतात. त्यांच्याकडे लस नसते. त्यांनी फक्त रस्त्यावर दिसणारी कुत्री मोजायची: डोक्यावर रंग असलेली किती, नसलेली किती. रंगवाल्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली आलं तर त्या भागाचं काम झालं असं धरत नाहीत, गट परत जातो. किती डोस संपले यावरून यश ठरत नाही, राहिलेली कुत्री किती यावरून ठरतं. वाचताना हे साधं वाटेल, पण मी ज्या पद्धतीत वाढले तिथे महिन्याच्या शेवटी ‘उद्दिष्ट अमुक, साध्य तमुक’ असं लिहिलेला तक्ता वर जायचा, आणि साध्य म्हणजे वापरलेली लस. बाटल्या रिकाम्या झाल्या की काम झालं. सोप्या गावात, रस्त्यालगतच्या गोठ्यांत बाटल्या लवकर रिकाम्या होतात. डोंगरावरची वस्ती राहून जाते, आणि पुढची साथ तिथूनच उतरते. ब्लँटायरमध्ये मोजणीवाले परत आले की गटप्रमुख फोनभोवती गोळा होत, आणि आपल्या भागाचा आकडा कमी आला असेल तर ते लगेच वाद घालत, उद्या कोणत्या गल्लीपासून सुरू करायचं ते ठरवत. कुणाला दोष देण्याचा सूर नव्हता. मी त्या चर्चेत नुसती बसून राहायचे आणि मला फार बरं वाटायचं. ही पद्धत त्यांनी आपल्या रांचीत घडवली आणि मग आफ्रिकेत नेली.

शाळांमधला कार्यक्रमही बघितला. स्थानिक शिक्षक-कार्यकर्ते वर्षभर शाळांत जाऊन शिकवतात: जेवणाऱ्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं, चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि घरी सांगायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण मार बसेल या भीतीनं मुलं चावलेलं लपवतात. इथेही आणि तिथेही. मलावीतल्याच झोंबा भागात या एका तासाच्या परिणामाचा अभ्यास झाला आहे आणि काही आठवड्यांनंतरही मुलांच्या ते लक्षात होतं, असं आढळलं. पटांगणात शंभरेक मुलं एकदम झाड होऊन उभी राहतात तेव्हा त्यांच्यातली काही डोळेही घट्ट मिटून घेतात.

पाहुण्यांचं स्थान काय, हे सांगायला हवं, कारण इच्छुकांच्या मनात अनेकदा वेगळं चित्र असतं. तिथे तुम्ही जादाचे दोन हात आहात. गटप्रमुख मलावीचा, वाट काढणारा मलावीचा, लोकांशी बोलणारा मलावीचा, आणि तुम्ही परतल्यावर चावल्याचा फोन आला की संशयित कुत्र्याचा माग काढणाराही तिथलाच. ब्लँटायरची प्राणी-क्रूरता-प्रतिबंधक संस्था आणि सरकारचं पशुआरोग्य खातं दोन्ही यात आहेत. मला सगळे ‘अमाई’ म्हणत, वयाचा मान ठेवत, पाणी आधी देत, पण कुठल्या गल्लीत जायचं हे मला कुणी विचारलं नाही. ते योग्यच होतं. ज्यांना तिथे जाऊन काहीतरी चालवायचं आहे त्यांनी जाऊ नये.

राहण्या-खाण्याबद्दल फार लिहीत नाही. राहणं साधं आणि स्वच्छ. सकाळी लवकर उठायचं, दिवसभर चढउतार चालायचं. साडेपाचला अंधार पडतो आणि आठ वाजता झोप येते. जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सोबत घेवड्याची उसळ, भोपळ्याच्या पाल्याची भाजी किंवा मासे. मलावी सरोवरातला चाम्बो मासा मला फार आवडला. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. ब्लँटायरला लागूनच लिंबे हा भाग आहे, तिथे गुजराती कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची दुकानं आहेत. मला तिथे तूरडाळ मिळाली, आणि एका संध्याकाळी सगळ्या गटाला मी वरण-भात खायला घातला.

आता तो अर्धा गुण. मोहिमेचा सगळा भर एका लशीवर आहे. खरजेनं केस गेलेला कुत्रा समोर येतो, कान गोचिडांनी भरलेले असतात, बरगड्या मोजता येतात, एखाद्या कुत्रीच्या मागे रक्त ठिबकणारी गाठ असते, आणि तुम्ही तिला रेबीजची लस देऊन, डोक्यावर रंग लावून, दवाखान्याचा पत्ता सांगून पुढे जाता. त्या गाठीवर व्हिंक्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या काही इंजेक्शनांनी उत्तम गुण येतो, हे मला माहीत आहे. ते माहीत असून पुढचं दार ठोठवायला मला जड जात होतं. हिशेब मला कळतो. प्रत्येक आजारी कुत्र्यापाशी थांबलं तर दिवसाच्या शेवटी पन्नास घरं राहतात, आणि त्यातल्याच एका घरात पिसाळलेला कुत्रा पोराला चावतो. निर्णय बरोबर आहे. तरीही मला वाटतं की मोहिमेमागोमाग महिनाभरानं त्याच नकाशावर उपचारांची एक छोटी फेरी निघावी: खरजेसाठी आयव्हरमेक्टिन, जंताचं औषध, जखमा, गाठी. रंगवलेल्या प्रत्येक कुत्र्याची जागा अ‍ॅपमध्ये आहेच. मालक एकदा कुत्रा धरून उभा राहिला आहे, दुसऱ्यांदाही राहील, आणि ज्याच्या कुत्र्याची खरूज बरी झाली तो पुढच्या वर्षी लशीला स्वतःहून येईल. हे मी गुरांच्या बाबतीत बघितलं आहे: ज्या गावात आम्ही वांझपणाची तपासणी शिबिरं घेत होतो, त्या गावात लशीला कधी विरोध झाला नाही.

पैशांचंही स्पष्ट बोलते. विमानाचं तिकीट, संस्थेला द्यायची सहभागाची रक्कम, राहणं, विमा, लसी असा खर्च भारतातल्या पगारदार माणसाला सहज झेपणारा नाही, आणि विद्यार्थ्याला तर नाहीच. फक्त कुत्र्यांचं भलं हा एकच हेतू असेल तर तेवढी रक्कम देणगी द्यावी, त्यात जास्त कुत्री सुरक्षित होतील. जावं ते शिकण्यासाठी. ती हद्द, ती मोजणी, तो गट परत पाठवणं, हे पुस्तकात वाचून हाताला लागत नाही, आणि आपल्या महाराष्ट्राला त्याची फार गरज आहे.

हेच काम जवळ बघायचं असेल तर गोवा आहे. तिथे मिशन रेबीज राज्य सरकारबरोबर वर्षानुवर्षं काम करतं आहे. तिथली कुत्री बरीचशी मोकाट, म्हणून जाळीचं काम जास्त. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात कुत्र्यांमधल्या रेबीजचं मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं आहे. अभ्यासाच्या शेवटच्या काळात माणसांचे मृत्यू शून्यावर आले होते. सिंधुदुर्गातल्या बांद्यापासून गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवी नाका हाकेच्या अंतरावर. नाक्याच्या पलीकडे ७० टक्के कुत्री लस घेतलेली असावीत आणि अलीकडे आपण चावल्यावर इंजेक्शनं शोधत जिल्हा रुग्णालय गाठावं, हे मला सहन होत नाही. पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी आधी गोव्यात जावं. शस्त्रक्रिया शिकायची असेल तर वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिसचं उटीला प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे देखरेखीखाली, योग्य भूल देऊन, नंतरची काळजी घेऊन शिकवतात. माझ्या ओळखीचे काही तरुण डॉक्टर तिथून शिकून आले आहेत आणि त्यांचा हात खरोखर सुधारला आहे.

मी परत आल्यावर आमच्या गावातल्या दोन निवृत्त सहकाऱ्यांना घेऊन नगरपालिकेत गेले. कुत्र्यांच्या लसीकरणाचं काम होतं, पण किती कुत्री राहिली याचा आकडा कुणाकडे नव्हता. एका प्रभागापुरती हद्द आखून, टोचून, दुसऱ्या दिवशी सायकलवरून मोजायचं ठरलं आहे. मोजायला कॉलेजची मुलं तयार आहेत. आमचा पहिला आकडा ७० च्या बराच खाली येईल असा माझा अंदाज आहे, आणि तो तसाच्या तसा प्रभागात लावायचा असं मी मुख्याधिकाऱ्यांकडून कबूल करून घेतलं आहे.

ब्लँटायरला जाणार असाल तर तयारी आधीपासून करा. कुत्र्यांना हात लावण्यापूर्वी स्वतःची रेबीजची लस पूर्ण झालेली लागते, त्याला पर्याय नाही. आपल्याकडे ती ० आणि ७ व्या दिवशी, आणि मग २१ किंवा २८ व्या दिवशी देतात, म्हणजे महिनाभर हाताशी हवा. ती घेतलेली असली तरी चावलं तर जखम धुवून पुन्हा दोन डोस घ्यावेच लागतात, फक्त महागडं सीरम लागत नाही. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी सुरू करा. मुंबईहून आदिस अबाबामार्गे जाता येतं. वाटेत इथिओपियात किंवा केनियात थांबणार असाल तर परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागेल का, याची तिकीट काढण्याआधी चौकशी करा, कारण ही लस दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि मोजक्याच केंद्रांवर मिळते. घोट्यापर्यंतचे मजबूत बूट न्या, ते आधी महिनाभर पायात मुरवा. बायकांनी गुडघ्याखाली येणारे कपडे घ्यावेत, वस्तीत तेच बरं दिसतं. गुडघे दुखत असतील तर घरोघर फिरण्याऐवजी शनिवार-रविवारच्या केंद्रांवर काम मिळेल का, असं अर्ज करतानाच विचारा.